वनाझ–रामवाडी मेट्रो: लेऑफनंतर दोन ऑफर हातात असताना केलेला रिव्ह्यू

पुण्याच्या मेट्रोचा रिव्ह्यू आहे पण स्टेशन किती चकाचक नि एसी किती गार असलं यात फार काही नाही, ते लोकांचं २०२२ सालीच लिहून झालंय. माझा प्रश्न एवढाच होता की ही मेट्रो दारात आहे म्हणून चार लाख कमी सीटीसीची (कंपनी वर्षाला आपल्यावर करते तो एकूण खर्च) नोकरी घ्यावी का. चार लाख हा आकडा घरात नुसता उच्चारला तरी सगळे आपल्याकडे असं बघतात की हिचं डोकं फिरलंय.

थोडक्यात मागचं सांगते. हिंजवडीत एका कंपनीत नऊ वर्षं टेस्टिंगमध्ये होते, मग "रिस्ट्रक्चरिंग" आलं आणि एचआरची एक गोड मुलगी म्हणाली, मॅम तुम्हीच रिझाईन करा म्हंजे रेकॉर्ड क्लीन राहील. दोन महिन्यांचा पगार दिला, ग्रॅच्युइटी दिली (शेवटचा बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं, हा हिशोब स्वतः करून बघा, वीस लाखांपर्यंत त्यावर टॅक्स नाही). पण खरा धक्का पगाराचा नव्हताच, शेवटच्या दिवशी मेडिक्लेम बंद झाला त्याचा होता, सासऱ्यांची बायपास झालेली आहे आणि त्या वयात बाहेरून नवीन पॉलिसी काढायला गेलं की प्रीमियम ऐकून आपल्यालाच बायपास लागेल. त्यामुळे पुढच्या दोन्ही ऑफर्समध्ये मी पहिला प्रश्न पगाराचा नाही, सासूसासरे कव्हर होतात का, पहिल्या दिवसापासून का, जुने आजार धरतात का, हाच विचारला. दोघांनीही हो म्हटलं आणि मी ते मेलवर लिहून घेतलं, तोंडी ठेवलं नाही.

आता ऑफर्स. पहिली हिंजवडी फेज ३, सीटीसी १८ लाख, वेळ सकाळी १० ते संध्याकाळी साडेसात. दुसरी कल्याणीनगर, १४ लाख, साडेनऊ ते साडेसहा, आणि ऑफिस मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. आम्ही राहतो कोथरूडला, वनाझ स्टेशनही चालत दहाएक मिनिटांवर. एकदा लेऑफ झालं की प्रोफाईलवर "इमिजिएट जॉइनर" लिहिता येतं आणि फोन खूप येतात, पण त्यातले निम्मे आधीच्या पगारापेक्षा खालीच बोली लावतात कारण त्यांना माहितीये समोरचा घरी बसलाय. त्यामुळे १८ हा आकडा ऐकून मीपण हुरळले होते, खोटं कशाला बोलू.

सासूबाई म्हणाल्या, "अगं चार लाख म्हंजे महिन्याला तेहतीस हजार की गं, आणि तू मेट्रोसाठी सोडतेस?" गणित त्यांचं बरोबर होतं, पण सीटीसी नावाच्या गोष्टीत किती हवा भरलेली असते हे त्यांना माहीत असायचं कारण नाही, त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या, हातात येईल तोच पगार.

मी दोन्ही ऑफर लेटरं शेजारी ठेवून बसले. १८ मधले सव्वादोन लाख व्हेरिएबल, म्हंजे कंपनीचं आणि माझं दोघांचं बरं चाललं तर. एक लाख जॉइनिंग बोनस, तो एकदाच आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायचा. ते काढलं की उरले पावणेपंधरा. त्यातून कंपनीच्या बाजूचा पीएफ (महिना १८०० वाला), ग्रॅच्युइटीचा वाटा आणि इन्शुरन्सचा प्रीमियम मिळून सत्तरएक हजार वजा, कारण हे सगळं सीटीसीतच मोजलेलं असतं. उरले १४ लाख ५ हजार. नवीन टॅक्स रिजीममध्ये ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन काढून टॅक्स सेससकट साधारण ८२,७०० येतो, वर माझ्या वाट्याचा पीएफ २१,६०० आणि आपल्या महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स २५००. हातात महिन्याला १ लाख ८ हजार.

दुसऱ्या लेटरात व्हेरिएबल शून्य, बोनस शून्य, १४ चे १४ फिक्स. तेच सत्तर हजार काढले की १३.३०. इथे एक गंमत आहे जी मला माझ्या सीए मैत्रिणीने सांगितली, टॅक्सेबल उत्पन्न १२ लाखांच्या थोडंसंच वर असेल तर १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम आहे तिच्यापेक्षा जास्त टॅक्स लागत नाही, मार्जिनल रिलीफ म्हणतात त्याला. माझं साडेबारा लाखांच्या जरासं वर जात होतं, म्हणून टॅक्स ६८ हजारांऐवजी ५५ हजार, सेस धरून ५७,२००. हातात महिन्याला १ लाख ४ हजार.

म्हंजे सीटीसीत चार लाखांचा फरक आणि दर महिन्याला खात्यात पडणारा फरक चार हजार! व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर वर्षाअखेर टॅक्स जाऊन पावणेदोन-दोन लाख अजून येतील हे मान्य, पण नुकतीच लेऑफ होऊन आलेली बाई "कंपनीचं बरं चाललं तर" या वाक्यावर किती भरवसा ठेवणार? मी तरी शून्य धरलं. ज्यांच्या नवऱ्याबायकोचा दुसरा पगार भक्कम आहे त्यांनी अर्धं धरायला हरकत नाही.

आता येते प्रवासावर, कारण खरी मजा तिथे आहे. फेज ३ आमच्या घरापासून वीस-बावीस किलोमीटर. चांदणी चौक आता चांगला झालाय, २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे पूल सुरू झाल्यापासून तिथली ती जुनी रड संपली, पण ट्रॅफिक काही नाहीसं होत नाही, ते पुढे जाऊन उभं राहतं. बाणेर, बालेवाडी, मग वाकडचा पूल, आणि तिथून पुढे फेज १, २ ओलांडून ३ मध्ये पोचेपर्यंत सकाळच्या वेळेला दीड तास धरायचाच, संध्याकाळी तेवढाच. पेट्रोल शंभरच्या वर आहे, माझी गाडी सिटीत बाराचं ॲव्हरेज देते, महिन्याला २२ दिवस धरले तर आठ-साडेआठ हजार फक्त पेट्रोल. सर्व्हिसिंग, टायर, क्लच दाबून दाबून डाव्या गुडघ्याचं जे होतं ते वेगळं. पीएमपीची बस आहे की, असं कुणीतरी म्हणेल, आहे, पण बसही त्याच वाकडच्या पुलावर उभी राहते ना.

आणि हो, हिंजवडीची मेट्रो येतेय की असं मला किमान दहा जणांनी सांगितलं. मी ऑफर्स बघत होते तेव्हा ती सुरू नव्हती, पण सुरू झाली तरी कोथरूडकरांनी फार उड्या मारू नयेत, ती लाईन माण-हिंजवडीहून वाकड, बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ असं करत शिवाजीनगरला येते. म्हंजे मी आधी वनाझहून पूर्वेला सिव्हिल कोर्टापर्यंत जायचं, तिथे बदलायचं आणि मग परत पश्चिमेला तेवीस किलोमीटर. बाणेर-औंधवाल्यांसाठी ती लाईन वरदान ठरेल, आमच्यासाठी ती प्रदक्षिणा आहे.

तर वनाझ–रामवाडी. २०२२ च्या मार्चमध्ये उद्घाटन झालं तेव्हा ही गाडी फक्त गरवारे कॉलेजपर्यंत जायची आणि लोक पोराबाळांना घेऊन चक्कर मारायला यायचे, ऑफिसला जाणारं कुणी नव्हतंच कारण गरवारेला ऑफिस कुणाचं असतं? २०२३ च्या ऑगस्टला रुबी हॉलपर्यंत गेली, २०२४ च्या मार्चला रामवाडीपर्यंत, येरवडा स्टेशन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उघडलं. माझ्या मते त्या दिवसापासून ही लाईन खरी कामाची झाली, कारण आता एका टोकाला कोथरूड आणि दुसऱ्या टोकाला येरवडा-कल्याणीनगरची ऑफिसं आहेत.

ऑफर घ्यायच्या आधी मी मुद्दाम ऑफिसच्या वेळेला जाऊन बघितलं. वनाझहून कल्याणीनगर साधारण अर्धा तास, पाच मिनिटं इकडेतिकडे, आणि महत्त्वाचं म्हंजे उद्याही अर्धाच तास आणि पावसातही अर्धाच तास. गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांनी गाडी असते, एक चुकली तर जीव वरखाली होत नाही. वनाझ पहिलं स्टेशन असल्यामुळे सकाळी बसायला मिळतं, हा कोथरूडकरांचा हक्काचा फायदा. संध्याकाळी चित्र वेगळं आहे, गाडी तीनच डब्यांची, रामवाडीहून भरून येते, पुणे स्टेशनला बॅगा घेऊन माणसं चढतात आणि सिव्हिल कोर्टापर्यंत उभंच राहायचं अशी तयारी ठेवायची. तिथे पिंपरीकडे आणि स्वारगेटकडे जाणारे उतरतात, कधी जागा होते कधी नाही. पण उभं राहून का होईना मी पुस्तक वाचू शकते, स्टिअरिंग धरून वाचता येत नाही.

संभाजी उद्यान ते डेक्कन हा नदीपात्रातला तुकडा मला प्रचंड आवडतो, दोन्ही स्टेशनांना मावळ्याच्या पगडीचा आकार दिलाय ते बाहेरून जरा नाटकी वाटतं पण असो. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली गेलाय का हे बातम्यांच्या आधी मेट्रोतल्या लोकांना कळतं, सगळा डबा एका बाजूच्या खिडक्यांना चिकटतो.

पैसे. तिकीट कमीत कमी १०, जास्तीत जास्त ३५, मला एका बाजूला ३० धरा. कार्ड वापरलं की १० टक्के सूट, शनिवार-रविवारी ३० टक्के. २२ दिवसांचे कार्डावर बाराशेच्या आत. पीएमपीने २०२५ च्या जूनमध्ये भाडं वाढवल्यावर तिथेही एवढ्या अंतराला ३० च लागतात आणि महिन्याचा पास ९०० वरून १५०० झाला, त्यामुळे माझ्यासारख्या एकाच रस्त्याने जाऊनयेऊन करणाऱ्या माणसाला मेट्रो बसच्या पासपेक्षा स्वस्त पडते हे मला स्वतःला खरं वाटलं नव्हतं. अर्थात दिवसातून चार बस बदलणाऱ्याला पासच परवडणार, तिथे तुलना नको.

मग मी नवऱ्यासमोर शेवटचा हिशोब ठेवला. हातातला पगार वजा प्रवासखर्च, भागिले घरातून निघाल्यापासून घरात परत येईपर्यंतचे तास. हिंजवडी: साडेनऊ तास ऑफिस, तीन तास रस्ता, महिन्याला २७५ तास, हातात ९९,६००, म्हंजे तासाला ३६० च्या आसपास. कल्याणीनगर: नऊ तास ऑफिस, दोन्ही बाजूंचं चालणं धरून पावणेदोन-दोन तास, महिन्याला २३८ तास, हातात १,०२,८००, म्हंजे तासाला ४३० च्या वर. नवरा म्हणाला परत कर, कुठेतरी चुकतंय. त्याने स्वतः केला, तेच आलं. मग तो म्हणाला पण पुढची नोकरी बदलताना १८ वर हाईक मिळते आणि १४ वर हाईक मिळते यात फरक पडतो ना. हा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, वय तिशीच्या आत असतं तर कदाचित मी हिंजवडीच घेतली असती. एक्केचाळिसाव्या वर्षी, मुलगी दहावीत, संध्याकाळी साडेसातच्या आत घरी येणं मला त्या हाईकपेक्षा मोठं वाटतं. हिंजवडीवाल्यांनी हायब्रिड म्हटलं होतं तेही सांगून टाकते, पण लेटरात "बिझनेसच्या गरजेनुसार" असा शब्दप्रयोग होता आणि किती दिवस विचारल्यावर एचआर हसली. लेटरात दोन दिवस घरून असं स्पष्ट असतं तर हिशोब बराच जवळ आला असता.

कल्याणीनगर घेतली. मेट्रोला माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार कापला तो तीन डब्यांसाठी आणि स्टेशन उतरल्यावरच्या रस्त्यासाठी, वर एवढं सुंदर चालतं आणि खाली उतरलं की फूटपाथवर टपऱ्या, पार्क केलेल्या गाड्या आणि रस्ता ओलांडताना देवाचं नाव, पावसात ती दहा मिनिटं पंधरा होतात. छत्री आणि दुसरी चप्पल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीये.

हे सगळं वाचून खराडीची ऑफर घेणार असाल तर थांबा. रामवाडी म्हंजे खराडी नाही, तिथून आयटी पार्कपर्यंत अजून चार-पाच किलोमीटर रिक्षा किंवा बस आहे आणि तो तुकडा नगर रोडच्या मर्जीवर चालतो. वाघोलीपर्यंतच्या वाढीव लाईनला केंद्राने २०२५ च्या जूनमध्ये मंजुरी दिलीये, पण ती मंजुरी आहे, गाडी नाही, आजच्या ऑफरचा हिशोब आजच्या रिक्षाभाड्यावरच करा. वारजे-कर्वेनगर, सिंहगड रोडवाल्यांना वनाझपर्यंत येण्यातच अर्धा तास जातो, त्यांच्यासाठी माझे चार स्टार अडीच समजा. आणि ट्रायल घेणार असाल तर सकाळी नको, संध्याकाळी सव्वासहा-साडेसहाला घ्या, सकाळी सगळ्याच नोकऱ्या बऱ्या वाटतात.