‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहून झाल्यावर पुस्तकं वाचताना काय गाळलं, काय गाळता येत नाही : काही महिन्यांनंतरचा अनुभव

ज्यांची मालिका पूर्ण पाहून झाली आहे त्यांच्यासाठीच हे लिहितोय. मालिकेत काय होतं ते इथे झाकून ठेवलेलं नाही. पुस्तकात जास्तीचं जे आहे त्यातलंही थोडं सांगावं लागणार, पण सगळ्यात मोठा धक्का फोडणार नाही.

आधी वस्तूबद्दल. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पेपरबॅक संच अप्पा बळवंत चौकातून घेतला. खोक्यात सात पुस्तकं निघतात, म्हणून लोकांना सात भाग आहेत असं वाटतं. भाग पाचच. तिसरा आणि पाचवा एवढे जाडजूड आहेत की पेपरबॅकमध्ये त्यांचे दोन-दोन तुकडे केलेत. टाईप बारीक आहे, चाळिशी लागलेल्यांनी दुकानातच उघडून बघावा. कणा पहिल्याच वाचनात चुरगळतो. पावसाळ्यात सॅकमध्ये ठेवायचं तर प्लॅस्टिकची पिशवी हवीच. माझ्या दुसऱ्या भागाची शेवटची पानं फुगून पापडासारखी झालीत. आणि माझ्या प्रतींत अनुक्रमणिका नाही. ही तक्रार क्षुल्लक वाटेल, पण गाळून वाचणाऱ्याला तीच सगळ्यात नडते. का ते पुढे येईलच.

वाचन बहुतेक सगळं कंपनीच्या बसमध्ये. कर्वेनगरहून हिंजवडी, म्हणजे वेळेची ददात नाही. वाकडच्या पुलापाशी गाडी अडकली की एक प्रकरण आरामात होतं.

मालिका पाहिलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : आता पुस्तकं कुठून सुरू करू? चहाच्या टपरीवर मिळणारं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘चौथ्यापासून’. तर्क असा की पहिला सीझन म्हणजे पहिला भाग, दुसरा म्हणजे दुसरा, तिसरा-चौथा मिळून तिसरा भाग, आणि पाचव्या सीझनपासून मालिका भरकटते. तेव्हा तीन भाग सोडा आणि नवं तेवढं वाचा. हिशेब कागदावर चोख आहे. आमच्या ऑफिसातल्या एकाने तो तंतोतंत पाळला. चौथा भाग, ‘अ फीस्ट फॉर क्रोज’, घेतला आणि टिरियन कधी येतो याची वाट पाहत बसला. टिरियन येतच नाही. जॉनची प्रकरणं नाहीत, डनेरिसचीही नाहीत. २००५ साली हा भाग आला तेव्हा लेखकाने पसारा आवरेना म्हणून गोष्ट माणसांनुसार आणि मुलखांनुसार दोन पुस्तकांत वाटली. निम्मी माणसं चौथ्यात, उरलेली २०११च्या पाचव्यात, आणि दोन्हींतला काळ बराचसा एकच. शेवटी लेखकाने तसं टिपण लिहून ठेवलंय, पण ते शेवटी! आमच्या मित्राला एवढ्या पानांत सर्सी, ब्रिएन आणि मालिकेत फारशी न दिसलेली डॉर्न आणि लोहद्वीपांची मंडळी भेटली. त्याने पुस्तक परत दिलं ते चहाच्या गोल डागासकट.

माझ्या धाकट्या भावाने तिसऱ्यापासून सुरुवात केली. ही सूचना त्यातल्या त्यात शहाणपणाची मानली जाते, कारण तिसरा भाग, ‘अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्स’, सगळ्यात रंगतदार. पण डनेरिसच्या पहिल्याच प्रकरणात तिच्या जहाजावर दोन अनोळखी माणसं. एक आर्स्टन व्हाइटबिअर्ड नावाचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि दुसरा स्ट्राँग बेलवास, पोट सुटलेला झुंजार मल्ल.

‘‘दादा, हे दोघं कोण? मालिकेत तर नव्हते.’’

‘‘एक नव्हता. दुसरा होता.’’

आता पुढचं सांगायला हरकत नाही, कारण मालिकेने ते आधीच फोडलंय. हा म्हातारा म्हणजे बॅरिस्टन, राजाचा जुना अंगरक्षक. मालिकेत तो तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडला येतो आणि लगेच नाव सांगून मोकळा होतो. पुस्तकात तो दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो, टोपणनावाने, आणि तिसऱ्याचा बराच भाग तसाच लपून राहतो. दुसरा भाग वाचलेल्याला निदान ते दोघं कुठून आले ते ठाऊक असतं. भावाला वाटलं आपल्याकडून पानं सुटली. टिरियनचं तसंच. तिसऱ्या भागात जो तो त्याच्या नाकावरून टोमणे मारतो. मालिकेतल्या टिरियनला लढाईत गालावर एक व्रण पडला, बाकी चेहरा देखणाच्या देखणा. पुस्तकात त्याच लढाईत त्याचं नाक बहुतेक कापलं जातं. ते दुसऱ्या भागात. म्हणजे भाऊ पानोपानी व्रणवाला चेहरा डोळ्यांसमोर आणतोय आणि समोरचे लोक नसलेल्या नाकावर बोलतायत.

इथेच घोडं पेंड खातं. मालिका पाहिली म्हणून पुस्तकातलं ‘काय झालं’ कळलेलं असतं. पण मालिकेने काय वगळलं हे मालिका पाहून कसं कळणार? आणि पुढचे भाग नेमके त्या वगळलेल्या गोष्टींवर उभे आहेत.

म्हणून मी भाग गाळले नाहीत, माणसं गाळली. या पुस्तकांची रचनाच तशी सोय करून देते. जवळजवळ प्रत्येक प्रकरण एका माणसाच्या डोक्यातून सांगितलेलं आणि प्रकरणाला नाव त्याच माणसाचं : ब्रॅन, कॅटलिन, एडार्ड (म्हणजे नेड), आर्या. पहिल्या भागात अशी आठ माणसं. अनुक्रमणिका नसल्यामुळे एकदा बसून पूर्ण पुस्तक उलटत कोणाचं प्रकरण कुठल्या पानावर ते एका कागदावर उतरवलं, आणि तोच कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवला. किंडल असेल तर हा उपद्व्याप वाचतो.

पहिल्या भागात मी टिरियन, जॉन आणि डनेरिस गाळले. पहिला सीझन पुस्तकाला बराच धरून आहे, आणि या तिघांचं तर विशेष. टिरियनची डोंगरावरची कोठडी आणि तिथला खटला, जॉनची भिंतीवरची तालीम, डनेरिसचं लग्न आणि तो घोड्याच्या काळजाचा प्रकार, हे सगळं मालिकेत आलंय. एवढं गाळूनही एक तुकडा मात्र घ्या. पुस्तकात टिरियन लढाईत प्रत्यक्ष उतरतो. मालिकेत त्याच्या डोक्यात हातोडा बसतो आणि लढाई संपल्यावर तो जागा होतो. पैसे वाचवले असणार, दुसरं काय.

नेडची प्रकरणं गाळू नका. ही माझी ठाम शिफारस. जॉनची आई कोण याचं उत्तर मालिकेने २०१६च्या सहाव्या सीझनमध्ये दिलं. पुस्तकात नेड पाय मोडून तापात पडलेला असताना त्याला तो मनोरा, ते तीन पांढऱ्या झग्यांचे शिलेदार आणि बहिणीचं रक्ताने माखलेलं अंथरूण स्वप्नात दिसतं. हे १९९६ साली छापलेल्या पहिल्याच भागात. तेव्हाच्या वाचकाला ते धुकं होतं. आपल्याला उत्तर माहीत असल्याने नेड प्रत्येक वेळी ‘वचन दे’ आठवून गप्प होतो तेव्हा आपण आत काय चाललंय ते बघू शकतो. जॉनविषयी कोणी विचारलं की तो कसा विषय टाळतो, ते तर मी बसमध्ये दोनदा वाचलं. मालिका आधी पाहिल्याचा एवढा मोठा फायदा मला दुसरीकडे कुठेच झाला नाही.

सान्साही गाळू नका. तिची प्रकरणं लोक सगळ्यात आधी उडवतात : लाडावलेली पोरगी, राजपुत्राची स्वप्नं, लिंबाचे केक. पण तिच्यासोबत जेन पूल नावाची मैत्रीण असते, कारभाऱ्याची मुलगी. मालिकेत ती जवळजवळ नाहीच. नेडची माणसं कापली गेल्यावर ही जेन रडत रडत सान्साच्या खोलीत येते आणि मग तिला कुठेतरी ‘पाठवून दिलं’ जातं. पुढे तिचं नाव क्वचितच निघतं. पाचव्या भागात आर्या म्हणून जिचं रॅम्झी बोल्टनशी लग्न लावतात ती ही जेन. मालिकेने ते सगळं दुःख २०१५ साली सान्साच्याच पदरात टाकलं, म्हणून आपल्याला वाटतं हे आपण पाहिलंय. पाहिलेलं नाही. पाहुण्यांसमोर तिला सगळे आर्या म्हणतात, आणि तिला लहानपणापासून ओळखणारा तिथे एकच असतो, थिऑन. त्याचीही अवस्था अशी की स्वतःचं नाव उच्चारायला तो घाबरतो. त्याच्या प्रकरणांची शीर्षकंही आधी ‘रीक’ अशीच आहेत. थिऑनचं नाव शीर्षकात शेवटी येतं. असली करामत पडद्यावर करता येत नाही.

दुसऱ्या भागात, ‘अ क्लॅश ऑफ किंग्ज’मध्ये, फक्त जॉन गाळला. बाकी सगळे हवेत. ब्रॅनकडे जोजेन आणि मीरा याच भागात येतात, मालिकेत ती एक सीझन उशिरा येतात. आर्या पुस्तकात टायविनला नाही, रूझ बोल्टनला पेला भरून देते. (टायविन-आर्याचे मालिकेतले प्रसंग पुस्तकापेक्षा सरस आहेत. हे म्हटल्यावर पुस्तकवाले चिडतात, चिडोत.) आणि टिरियनची साखळी! तो शहरातल्या लोहारांना बाकी कामं सोडून लोखंडाच्या राक्षसी कड्या घडवायला लावतो. लोहार कुरकुर करतात, कशासाठी ते तो कोणाला सांगत नाही. मग नदीतली लढाई आपण डाव्होसच्या, म्हणजे शत्रूच्या, नजरेतून पाहतो. सगळं आरमार नदीत शिरल्यावर, हिरव्या आगीचा आगडोंब उसळल्यावर, मुखाशी ती साखळी वर येते. परतीची वाट बंद. मालिकेत आग आहे, साखळी नाही. टिरियनला सगळं पाहून झालंय म्हणून गाळलं असतं तर डाव्होसच्या प्रकरणातली ही जागा साफ वाया गेली असती.

सोळा वर्षांचा रॉब हेही असंच एक उदाहरण. मालिकेत तो दाढीवाला तरणाबांड गडी. पुस्तकात सुरुवातीला चौदा, लग्न करतो तेव्हा सोळा, आपल्याकडे अकरावीतला मुलगा. त्याचं स्वतःचं एकही प्रकरण नाही. तो दिसतो तो मुख्यतः आईच्या नजरेतून. त्यामुळे ते लग्न दुसरा भाग वाचलेल्यालाही तिसऱ्यातच, तेही लागून गेल्यावर, कळतं.

तिसऱ्यापासून पुढे काहीही गाळलं नाही. टिरियन बापाला का मारतो, याचं पुस्तकातलं खरं कारण मालिकेत नाही. भाऊ जेमी त्याला पहिल्या बायकोबद्दल जे सांगतो ते मालिकेने वगळलं, आणि पाचव्या भागातला कडवट, दारूत बुडालेला टिरियन त्याशिवाय समजत नाही. तिसऱ्या भागाचं शेवटचं प्रकरण तर... तेवढं राहू दे.

एक गोष्ट मात्र मी गाळलेल्या जॉनमुळे जरा निसटली. पुस्तकात लांडग्यांशी जोडलेला एकटा ब्रॅन नाही. आर्या झोपेत तिच्या लांडगीच्या, नायमेरियाच्या, अंगात असते, जॉन दुसऱ्या भागात त्याच्या लांडग्याच्या, घोस्टच्या, डोळ्यांनी बघतो. पाचव्या भागाची सुरुवातच व्हारामिर नावाच्या, जनावरांच्या अंगात शिरू शकणाऱ्या माणसाच्या मरणापासून होते. त्याच भागात शेवटी जॉनवर सुरे चालतात आणि त्याच्या तोंडून ‘घोस्ट’ हा शब्द निघतो. दुसऱ्या भागातलं ते एक प्रकरण परत जाऊन वाचलं तेव्हा हे दोन धागे नीट जुळले. तेव्हा दुसऱ्या भागातला जॉन गाळायचा असेल तर त्याची उत्तरार्धातली प्रकरणं तरी घ्या.

‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’वाल्यांनी या भानगडीत पडू नये. ‘फायर अँड ब्लड’ हे २०१८चं पुस्तक बखरीसारखं आहे. लिहिणारा एक आर्चमेस्टर, म्हणजे त्या जगातला मोठा विद्वान, त्याची साधनं एकमेकांना खोटं पाडणारी, त्यात दरबारी विदूषकाच्या चावट आठवणीसुद्धा. कुठूनही उघडा.

आता हिशेब. मालिका तोंडपाठ असेल आणि वेळ कमी असेल तर ही पद्धत चालते. इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्यांना तर मालिकेचा फार आधार होतो, कारण शेकडो नावांना चेहरे आधीच मिळालेले असतात. अडलं तर प्रत्येक भागाच्या शेवटी घराण्यांच्या याद्या आहेत; गाळलेल्या भागाची यादी वाचून पुढे गेलं तरी बरंच निभावतं. मालिका २०१९ला संपल्यावर परत पाहिलीच नसेल तर मात्र गाळायच्या फंदात पडू नका. घाई तशीही कोणाला आहे? सहावा भाग अजून यायचाय.

पद्धतीला पाचपैकी चार, छपाईला अडीच. संच घेताना तिसऱ्याचे आणि पाचव्याचे दोन्ही तुकडे खोक्यात आहेत ना ते दुकानातच बघून घ्या. आणि सुटे भाग घेत असाल तर कण्यावरचं नाव नीट वाचा, कारण तिसऱ्याच्या दोन्ही तुकड्यांवर मोठ्या अक्षरात एकच नाव असतं.