वारलेल्या पियानोवाल्याची रेकॉर्डिंग आणि माझे ५०,९०० रुपये

आधीच सांगते, हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या घरात सगळ्यांचं हसून झालंय. ५०,९०० रुपये गेले. अक्षरी पन्नास हजार नऊशे फक्त. आणि कशापायी, तर ऐंशी वर्षांपूर्वी कलकत्त्यात वारलेल्या एका अमेरिकन जॅझ पियानोवाल्याच्या रेडिओ रेकॉर्डिंगपायी. नवरा म्हणतो, फसायचंच होतं तर निदान सोन्याच्या चेनसाठी तरी फसायचंस, सांगायला बरं वाटलं असतं.

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. वीज कापणार म्हणून धमकावणारे, तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलं म्हणणारे, केवायसीवाले, सगळे माझ्याकडून चांगलं ऐकून गेलेत. त्यामुळे माझी समजूत अशी की फसतात ते दुसरे, लोभी नाहीतर घाबरट. मी लोभी नाही, त्या रेकॉर्डिंगच्या तबकड्या विकून मला एक रुपया कमवायचा नव्हता. पण प्रत्येकाला कसलं तरी खूळ असतं आणि या लोकांना फक्त ते खूळ कुठलं एवढंच कळावं लागतं, आणि ते मीच त्यांना लिहून दिलं होतं.

माझं खूळ म्हणजे टेडी वेदरफोर्ड. बाबांच्या ट्रंकेत कोलंबिया कंपनीची एक ७८ ची (मिनिटाला ७८ फेरेवाली) तबकडी होती, कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेली, तिच्यावर त्याचं नाव. रिटायर झाल्यावर म्हटलं बघू तरी कोण हा. हा माणूस १९०३ साली व्हर्जिनियात जन्मला, शिकागोत अर्स्किन टेटच्या बँडमध्ये वाजवायचा, १९२६ च्या त्यांच्या रेकॉर्डवर तो आणि लुई आर्मस्ट्राँग एकत्र आहेत, अर्ल हाइन्ससारख्या बड्या जॅझ पियानोवाल्याच्या जोडीने त्याचं नाव घ्यायचे, आणि त्याच वर्षी हे सगळं सोडून पठ्ठ्या बोटीने आशियात आला तो इकडचाच झाला. शांघाय, आपलं मुंबईचं ताज, मधे १९३७ ला पॅरिसला जाऊन थोडे सोलो रेकॉर्ड केले, मग युद्धाच्या काळात कलकत्त्याचं ग्रँड हॉटेल. आणि २५ एप्रिल १९४५ ला तिथेच कॉलऱ्याने गेला, वय अवघं ४१. ही तारीख मला तोंडपाठ होती. पाठ असून काय उजेड पडला ते पुढे येतंच.

आता रेकॉर्ड मिळतात, शोधल्या तर मिळतात. पण कलकत्त्यात असताना तो अमेरिकन सैनिकांच्या रेडिओवरही वाजवायचा आणि त्या प्रक्षेपणांची मला जास्त ओढ, कारण ७८ च्या एका बाजूला तीन मिनिटांत गुंडाळावं लागतं, रेडिओवर माणूस मोकळा वाजवतो. पण तेव्हाचं बहुतेक काम लाइव्ह, हवेत गेलं की गेलं. जे जपलं गेलं ते सोळा इंची मोठ्या ट्रान्सक्रिप्शन तबकड्यांवर (रेडिओचे कार्यक्रम भरून ठेवायच्या), एका बाजूला पंधरा मिनिटं बसायची. मी दोन वर्षं ‘द इंडियन लिसनर’चे जुने अंक चाळत होते, म्हणजे आकाशवाणीचं तेव्हाचं कार्यक्रमांचं पाक्षिक, त्यात स्टेशनवार वेळेसकट सगळं छापलेलं असायचं. वहीच्या वही भरली. घरात सगळ्यांना वाटायचं बाईला उद्योग नाही. अहो, या ताजच्या नि ग्रँडच्या बँडांचा जमाना म्हणजे आपल्या गोव्याच्या वादकांची शाळा होती, तोच जॅझ घेऊन ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटसारखी माणसं पुढे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत वाजवायला लागली, हा आपलाही इतिहास आहे की नाही? असो. ते परत कधीतरी.

तर जुन्या रेकॉर्डवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी गेल्या सप्टेंबरात सविस्तर लिहिलं की मी काय शोधतेय. त्यात हेही लिहिलं की माझा अंदाज असा की ग्रँडमधून शनिवारी रात्री प्रक्षेपण होत असावं. अंदाज हं, पुरावा काही नव्हता. नऊ दिवसांनी एकाचा पर्सनल मेसेज. कलकत्त्याचा, आजोबा रेडिओत इंजिनिअर होते, रिपन स्ट्रीटचा फ्लॅट रिकामा करतोय, माळ्यावर सात मोठ्या तबकड्या आहेत, वर वेदरफोर्ड लिहिलंय, भंगारवाला किलोवर मागतोय. आणि मग म्हणाला, “दादाजी बताते थे, सैटरडे नाइट को ड्यूटी लगती थी ग्रैंड में.”

मी खुर्चीतून उठले. शनिवार! माझा अंदाज खरा निघाला! अहो खरा कुठला, माझंच वाक्य त्याने मला परत वाढलं आणि मी ते पुरावा म्हणून खाल्लं. मुलांना शिकवायचे की दोन साधनं एकमेकांची नक्कल असतील तर ती दोन नाहीत, एकच. तुम्ही स्वतः कुठे लिहिलेली गोष्ट अनोळखी माणूस तुम्हाला सांगायला लागला की तिथेच फोन ठेवा.

आता तो फोटो. हे लिहिताना अजून कान तापतात.

त्याने एका लेबलचा फोटो पाठवला. टाईप केलेलं, कडेला पिवळं पडलेलं, वेदरफोर्डचं नाव, ग्रँड हॉटेल, आणि खाली तारीख, १२-८-४५. मी ती वाचली. नीट वाचली, फोटो मोठा करून वाचली, वहीत उतरवून घेतली! १२ ऑगस्ट १९४५. माणूस एप्रिलमध्ये वारला. मग माझ्या डोक्यात आलं की अमेरिकन लोक महिना आधी लिहितात, म्हणजे ही ८ डिसेंबर असेल. म्हणजे अजून चार महिने जास्त मेलेला! पण त्या क्षणी मला ‘अमेरिकन पद्धत’ सुचली याचाच इतका अभिमान वाटला की पुढचा विचार झालाच नाही. दुसऱ्या दिवशी शंका आलीच होती, नाही असं नाही, मी त्याला विचारलंही, तर म्हणाला दीदी, ती कॉपी केल्याची तारीख असेल. आणि मला ते पटलं, कारण तशा कॉप्या होत असत हे मला माहीत होतं. हेच वाईट आहे, जरा माहिती असलेल्या माणसाला फसवायला फार खोटं बोलावं लागत नाही, राहिलेलं तो स्वतःच जुळवून घेतो. कोरी असते तर वाचले असते. एकतीस वर्षं पोरांच्या पेपरवर चुकीच्या सनांना लाल गोल केले मी.

बाकीही होतंच. एक व्हिडिओ आला, तबकडी फिरतेय आणि पियानो वाजतोय. सोळा इंची तबकडी आपल्या घरातल्या साध्या टर्नटेबलवर बसतच नाही, आर्म अडतो, त्याला मोठं मशीन लागतं, हे मी स्वतः ग्रुपवर लिहिलेलं. व्हिडिओतलं मशीन साधंच होतं, त्याची कड दिसत होती. शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगा हो, आणि आजचं वर्तमानपत्र, त्यात लाज कसली! ३८ सेकंदांचा ऑडिओ पाठवला, आधी एक अनाउन्सर खरखरत काहीतरी बोलतो आणि मग पियानो. बँडचं प्रक्षेपण आणि ऐकू येतो एकटा पियानो. मी म्हटलं सुरुवात सोलोने केली असेल. नंतर भाच्याने दहा मिनिटांत शोधून दाखवलं की ते पॅरिसच्या १९३७ च्या सोलोंपैकीच एक आहे, वर खरखर आणि आवाज चिकटवलेला. ती रेकॉर्ड माझ्याकडे आहे, शंभरदा ऐकलेली. “मावशी तुला ओळखू आलं नाही?” नाही आलं. हवं ते ऐकू येतं माणसाला.

पैसे असे गेले. टोकन ५,०००, कारण दुसरा गिऱ्हाईक तयार आहे (दुसरा गिऱ्हाईक नेहमीच तयार असतो). मग तबकड्यांचे २४,५००. मग लाकडी खोक्याचे ३,८००, यात मला उलट बरं वाटलं, म्हटलं माणूस काळजीवाला आहे, लॅकरचा थर असतो, तडकतो. मग इन्शुरन्स ६,२००, पार्सल मिळाल्यावर परत. परत मिळणारे पैसे आधी भरायचे असतील तर ते परत मिळत नाहीत, हे लहान पोरालाही कळतं पण मी तोवर ३३,३०० मध्ये अडकलेली. आणि शेवटी ११,४०० पुरातत्त्वाच्या एनओसीचे. इथे मी अडले होते, खरंच. पण मी कायदा काढून वाचला, १९७२ चा, पुरावस्तूंसाठी शंभर वर्षं आणि हस्तलिखित, रेकॉर्ड वगैरेंसाठी पंचाहत्तर वर्षं असं लिहिलंय. रेकॉर्ड! १९४० च्या दशकातली, म्हणजे पंचाहत्तरच्या वर गेलीच. अहो तिथे रेकॉर्ड म्हणजे दप्तर, कागदपत्र, गाण्याची तबकडी नव्हे, आणि बंदी आहे ती वस्तू देशाबाहेर नेण्यावर, कलकत्त्याहून ठाण्याला यायला कसली आलीय एनओसी. आणि कुठलं सरकारी खातं कुणाच्या पर्सनल युपीआयवर फी घेतं? मी पिन टाकला. पाचही वेळा मीच टाकला.

पार्सलचा नंबर आला, तो टाकून बघितला तर लुधियानाला कुणाला तरी आठवड्यापूर्वीच पोचलेलं पार्सल.

मग सुरू झाली दुसरी फसवणूक, ती फुकटात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लगेच लागला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, ते ठीक. तुमच्यावर वेळ आली तर पहिल्या तासात करा, मी लाजेपायी दोन दिवस घालवले आणि तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून निघाले होते. बँकेत गेले तर तिथला पोरगा म्हणतो, मॅडम पिन तुम्हीच टाकलात ना, मग हे ऑथराइज्ड आहे, ‘तीन दिवसांत कळवलं तर भरपाई’ हा नियम तुम्हाला लागू नाही. नियम त्याचा बरोबर आहे हो, मी घरी येऊन वाचला, पण सांगताना हसायची काय गरज होती? पुढच्या खात्यात १,१४० रुपये होल्ड झालेत म्हणे. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, म्हणाले. ११४० साठी वकील.

आणि पोलीस स्टेशन. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, हे कलकत्त्याचं मॅटर आहे, आमची हद्द नाही. मी म्हटलं नवीन कायद्यात कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, झिरो एफआयआर, कलम १७३, तर म्हणे तुम्ही वकील आहात का? नाही, शिक्षिका. मग बसा. पावणेतीन तास बसले, पाणीसुद्धा मागून घेतलं. शेवटी एकाने लिहून घ्यायला घेतलं, वस्तू काय, रेकॉर्ड. कुणाच्या, टेडी वेदरफोर्ड. स्पेलिंग विचारलं, मला बरं वाटलं की नीट लिहितायत. कॉपी हातात आली तर आरोपीच्या रकान्यात टेडी वेदरफोर्ड, राहणार ग्रँड हॉटेल, कलकत्ता! मी म्हटलं अहो तो १९४५ ला वारलाय. तर तो हवालदार माझ्याकडे बघून म्हणतो, मग मेलेल्या माणसाला पैसे कशाला पाठवलेत ताई. बदलून द्यायला अजून चार दिवस. आता तपास चालू आहे. पाच महिने झाले, चालू आहे. दोनदा फोन केला तर तपास अधिकारी बदलले, कागद नव्या साहेबांकडे, नवे साहेब ट्रेनिंगला. वयस्कर बाईची गोष्ट पुरती ऐकायच्या आधीच यांच्या तोंडावर दिसतं की हिचीच चूक. चूक आहेच माझी, पण चोर माझ्या चुकीमुळे चोर झालेला नाही ना?

अजून एक राहिलं आणि हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पैसे गेल्याचं कळलं त्या रात्री मी त्या माणसाला मेसेज केला, रागात, भला मोठा. चोर म्हटलं, आणि वर हेही लिहिलं की मूर्खा, निदान तारीख तरी नीट टाकायची, वेदरफोर्ड एप्रिल ४५ मध्ये वारला, ऑगस्टमध्ये भूत वाजवत होतं का. निळ्या टिक आल्या आणि मग ब्लॉक.

मागच्या आठवड्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी फोटो पाठवला, म्हणाले बाई तुमच्या त्या पियानोवाल्याच्या तबकड्या विकायला आल्यात, घेऊ का. तोच फोटो, तेच पिवळं लेबल, फक्त सातच्या नऊ झाल्यात. आणि तारीख आता १२-८-४३ आहे.