मूळ मस्टँग की छाटलेलं मस्टँग?

शर्यतीत दुसऱ्या महायुद्धातलं पी-51 मस्टँग हे लढाऊ विमान उडवायचं, तर ते जसंच्या तसं ठेवायचं की वेगासाठी बदलायचं?

मूळ पी-51डीचे पंख 37 फुटांचे, वेग ताशी 700 किलोमीटरच्या आसपास. पोटाखाली रेडिएटरचं मोठं तोंड असतं, तिथे हवेचा अडथळा होतो. पण या रचनेची परीक्षा हजारो विमानांनी घेतलेली आहे.

'गॅलपिंग घोस्ट' या शर्यतीसाठी बदललेल्या मस्टँगचे पंख सुमारे 29 फुटांवर आणले होते. पोटाखालचं तोंड काढून पाणी उकळून इंजिन थंड करणारी व्यवस्था बसवली. शेपटीच्या आडव्या पंखांवर विमानाचं नाक वर-खाली होऊ नये म्हणून तोल साधणाऱ्या दोन छोट्या ट्रिम पट्ट्या असतात. उजवी जखडून टाकल्यामुळे सगळा भार डावीवर आला. तिच्या स्क्रूंना धरणारे लॉकनट झिजलेले होते. 16 सप्टेंबर 2011 रोजी अमेरिकेतल्या रीनोच्या विमान शर्यतीत ताशी 800 किलोमीटरहून जास्त वेगात ती पट्टी थरथरू लागली, विमान एकदम वर उसळलं आणि 17 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या 17 पट) दाबाखाली वैमानिकाची शुद्ध क्षणात हरपली. विमान प्रेक्षकांजवळ कोसळलं आणि 11 जण गेले, त्यांतले 10 प्रेक्षक. बदलांची पुरेशी चाचणी आणि नोंदच झाली नव्हती, हे मला सर्वांत अक्षम्य वाटतं. 1998 मध्ये 'वूडू' या मस्टँगचीही ट्रिम पट्टी तुटली होती. वैमानिक भानावर आला, म्हणून वाचला.

मूळ रूपातली विमानंही निर्धोक नाहीत. 2023 मध्ये रीनोतच फारसे बदल नसलेली दोन टी-6 (त्याच काळातली प्रशिक्षण विमानं) उतरताना धडकली, दोघे वैमानिक गेले. तरी निवड माझ्यावर असेल, तर मी मूळ मस्टँगच घेईन.