सांख्यिकीच्या जोडीला नेतृत्व : मायनर घेतल्यानंतरचा अनुभव

सांगलीतल्या एका स्वायत्त महाविद्यालयात मी बी.एस्सी.ला सांख्यिकी हा मेजर, म्हणजे मुख्य विषय घेऊन शिकते आणि दुसऱ्या वर्षापासून नेतृत्व अभ्यास हा माझा मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय आहे. आता शेवटचे सेमिस्टर चालू आहे. या विषयाचा बहुतेक अभ्यासक्रम शिकून, त्याच्या परीक्षा देऊन आणि फील्ड प्रोजेक्ट सादर करून झाला आहे. प्रवेशाच्या दिवसांत मागच्या वर्गातल्या मुली हमखास विचारतात, की हा विषय घ्यावा की सरळ संगणकशास्त्र घेऊन मोकळे व्हावे. त्यांना मी जे तुकड्यातुकड्याने सांगत आले, ते इथे सलग लिहीत आहे. माझे मत असे, की हा विषय स्वतंत्रपणे, एकटाच शिकण्यासारखा नाही; पण दुसऱ्या एखाद्या विषयाची बैठक पक्की होत असताना तो बाजूला असेल, तर फार कामाचा ठरतो. अमेरिकेतील रिचमंड विद्यापीठात १९९२ पासून नेतृत्व अभ्यासाची स्वतंत्र पदवी घेता येते, हे मला माहीत आहे. तरीही आपल्याकडे या विषयाची योग्य जागा मायनरचीच आहे असे मला वाटते.

हिशेबाची बाजू थोडक्यात सांगते. राज्याच्या आराखड्यानुसार तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची असते आणि त्यात मायनरच्या वाट्याला साधारण १८ ते २० क्रेडिट येतात. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. मेजरच्या तुलनेत ओझे कमी वाटते, परंतु फील्ड प्रोजेक्टचे काम वेळापत्रकात मावत नाही. ते रविवारी, सुटीत आणि गावाकडे गेल्यावर करावे लागते. ज्यांना रोज एसटीने ये-जा करावी लागते, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी बहुतेकांची समजूत अशी असते, की इथे भाषण कसे करावे, हस्तांदोलन कसे करावे, आत्मविश्वास कसा वाढवावा हे शिकवतील. व्यक्तिमत्त्व विकासाची असली शिबिरे आपल्याकडे उदंड आहेत आणि त्यासाठी मायनर खर्ची घालण्याचे कारण नाही. आमच्या विषयात प्रत्यक्षात शिकायला मिळाले ते गटाकडे पाहणे : निर्णय कुठे होतो, तो कोण अमलात आणतो, कोणाचे ऐकले जाते आणि का. पहिल्या सेमिस्टरमध्ये कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांचा १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग शिकवला. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे पाच-पाच जणांचे गट करून त्यांना शाळा सुटल्यावर मुखवटे बनवण्यासारखी हस्तकलेची कामे दिली होती. कुठे गटप्रमुख हुकूम सोडणारा होता, कुठे मुलांना विचारून चालणारा, तर कुठे सगळे त्यांच्यावरच सोडून देणारा. हुकुमी गटांत प्रमुख समोर असेपर्यंत काम जोरात चालले आणि तो बाहेर गेला की मंदावले. विचारून चालणाऱ्या गटांत मात्र प्रमुखाच्या अनुपस्थितीत फारसा फरक पडला नाही. आमच्या प्रयोगशाळेत सर बाहेर गेल्यावर काय होते, हे आठवून वर्गात हशा पिकला. पण सांख्यिकीच्या विद्यार्थिनीला याच ठिकाणी दुसरा प्रश्न पडतो, की इतक्या थोड्या मुलांवरून सगळ्या मानवजातीबद्दल किती बोलायचे? तो मी विचारला, आणि पुढचा अख्खा तास त्याच्यावर झाला. त्या तासापासून मला या विषयाची गोडी लागली असे म्हणायला हरकत नाही.

मेजर आणि मायनर एकमेकांना कसे धरून चालतात, याचे आणखी नेमके उदाहरण म्हणजे नेत्याच्या अंगभूत गुणांची चर्चा. धाडस, जिद्द, दूरदृष्टी, बोलण्याची हातोटी अशा याद्या आपण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलेलो असतो. राल्फ स्टॉगडिल यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन १९४८ मध्येच दाखवले होते, की केवळ काही गुण अंगी आहेत म्हणून कोणी नेता होत नाही. परिस्थिती आणि गटाची गरज बदलली की लागणारे गुणही बदलतात. त्यात मी सांख्यिकीतली भर घालते. यशस्वी माणसे तेवढी गोळा करून त्यांच्यातले समान गुण मोजणे ही नमुना निवडण्याचीच चूक आहे, कारण तेच धाडस आणि तीच जिद्द असूनही कर्जबाजारी झालेली, निवडणूक हरलेली, कारखाना बंद करावा लागलेली माणसे त्या नमुन्यात येतच नाहीत. हे एकदा कळले, की प्रेरणादायी व्याख्यानांचा कैफ बराच उतरतो. माझी एक मैत्रीण मराठी हा मेजर घेऊन याच वर्गात आहे. तिने सभांतली भाषणे शब्दागणिक तपासून 'मी' कुठे येतो आणि 'आपण' कुठे येतो यावर निबंध लिहिला, जो मला कधीच जमला नसता. ज्याच्या हाती आपल्या विषयाचे कुठलेही हत्यार नाही, त्याला या अभ्यासक्रमातून नुसती व्याख्यांची वही मिळेल.

फील्ड प्रोजेक्टसाठी मी पलूस तालुक्यातील आमच्या गावची दूध संस्था निवडली. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्या सभेला मी वही घेऊन मागच्या रांगेत बसले. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, ताळेबंद, लेखापरीक्षकाची नेमणूक असे एकेक विषय वाचले जात होते आणि वाक्य पुरे होण्याआधी पुढच्या दोन रांगांतून 'मंजूर, मंजूर' असा पुकारा होत होता. कोण बोलले, किती वेळ बोलले आणि उत्तर कोणी दिले, एवढ्या तीनच गोष्टी मी टिपत होते. आयत्या वेळच्या विषयात एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "आवो चेअरमन, गेल्या म्हयन्यात माझ्या म्हशीची फॅट एकदम कशी काय उतरली?" चेअरमननी तोंड उघडण्यापूर्वी सचिवाकडे पाहिले. सचिवाने रजिस्टर उघडले, तारखा वाचल्या, ओला चारा आणि वैरणीतला बदल असे काहीतरी सांगितले आणि विषय मिटला. माझ्या तक्त्यात चेअरमनचे बोलणे सर्वांत जास्त भरले, परंतु सभासदांच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर सचिवाकडूनच आले होते.

जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन यांनी १९५९ मध्ये सत्तेचे पाच आधार सांगितले आहेत : पद, बक्षीस देण्याची ताकद, शिक्षेचा धाक, जाणकारी आणि व्यक्तीविषयीची ओढ. रेव्हन यांनी नंतर त्यात माहितीची भर घातली. वर्गात ही यादी परीक्षेपुरती पाठ केली होती; सभेत ती चालताना दिसली. पद चेअरमनकडे, माहिती रजिस्टरवाल्याकडे, आणि पहाटे उठून धारा काढणाऱ्या, शेणघाण काढणाऱ्या बायका बहुतेक सभेबाहेर, कारण सभासदत्व घरातल्या पुरुषाच्या नावावर. प्रश्न विचारणाऱ्या आजींच्या नावावर संस्थेचा स्वतःचा भाग (शेअर) होता, म्हणून त्यांना उभे राहता आले. सभासदत्वाच्या नोंदी पाहून स्त्रियांचे प्रमाण काढणे आणि दूध घालायला डेअरीत प्रत्यक्ष येणाऱ्यांत स्त्रिया किती याच्याशी ते ताडून पाहणे, हे काम सांख्यिकीचे; त्याचा अर्थ लावणे हे मायनरचे. त्या अहवालाला गुण किती मिळाले यापेक्षा सचिवांनी तो मागून घेऊन वाचला, याचे मला अप्रूप वाटले.

पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत आणि उदाहरणे बहुतांश अमेरिकन कंपन्यांची. आमच्या एका सरांनी ती बाजूला ठेवून इथली उदाहरणे घेतली, म्हणून विषय आमच्यापर्यंत पोहोचला. हार्वर्डचे रोनाल्ड हायफेट्झ दोन प्रकारच्या अडचणींत फरक करतात : एक, जिचे उत्तर जाणकाराला माहीत असते आणि ते फक्त अमलात आणायचे असते, दुसरी, जिच्यात लोकांना स्वतःची सवय आणि समजूत बदलावी लागते. कृष्णेच्या पुरावर हा फरक लावून पाहा. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे ठरलेले आहे. बोटी, निवारा, जेवण यांची व्यवस्था ही पहिल्या प्रकारची अडचण. पण २००५ चे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे नदीकाठच्या घराघरांत पाठ होते, आणि त्याच्यावर पाणी येणार नाही या भरवशावर २०१९ मध्ये अनेक कुटुंबे घरातच थांबली. त्या वर्षी पातळी ५७ फुटांच्या वर गेली. आकडा बरोबर सांगूनही माणूस घर सोडत नाही, तेव्हा अडचण दुसऱ्या प्रकारची असते आणि तिथे भोंगा पुरत नाही. ज्याच्या शब्दावर गल्लीचा विश्वास आहे असा माणूस आधीपासून जोडलेला असावा लागतो.

त्याच सरांनी प्रतिसरकारवर, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्ध उभ्या केलेल्या समांतर सरकारवर, दोन तास घेतले. क्रांतिसिंह नाना पाटील हे नाव सर्वांना माहीत असते, पण जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगलीत, ते सरकार भूमिगत राहून टिकले याचे एक कारण त्याच्या रचनेत आहे : कामे गटागटांत वाटलेली होती, गावोगाव न्यायदान चालत होते, कुंडलच्या बाजूला तूफान सेना हे त्याचे सशस्त्र दल उभे होते, त्यामुळे एखादा पुढारी पकडला गेला तरी सगळे ठप्प होत नव्हते. दुसऱ्या टोकाला विसापूरचे वि. स. पागे. १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती राहिलेला आणि सभा गाजवण्यासाठी मुळीच प्रसिद्ध नसलेला हा माणूस रोजगार हमी योजनेचा जनक म्हणून ओळखला जातो. नेतृत्वाच्या वर्गात पागेंचे नाव यावे हे मला फार योग्य वाटले, कारण आमच्या भागात नेता म्हटले की आधी फ्लेक्स डोळ्यांसमोर येतो.

आता तक्रारी. पहिली, शिकवणाऱ्यांची. या विषयाचा स्वतंत्र विभाग नाही. राज्यशास्त्र, वाणिज्य आणि मानसशास्त्राचे प्राध्यापक आपापला भार सांभाळून तास घेतात, आणि एका सेमिस्टरमध्ये एकच सिद्धांत तीन जणांनी तीनदा शिकवला, तर गटातील संघर्षाचे प्रकरण कोणीच शिकवले नाही. दुसरी, परीक्षेची. 'नेतृत्वाच्या शैली स्पष्ट करा' अशा प्रश्नाला पाठांतर करणारा विद्यार्थी सहज चांगले गुण मिळवतो, आणि सभेला जाऊन तक्ता भरणारा व न भरणारा यांच्यात लेखी परीक्षा काहीच फरक करत नाही. तिसरी तक्रार गटकार्याची, आणि ती मला सर्वांत जास्त बोचली : गटातील सर्वांना सारखेच अंतर्गत गुण दिले जातात. आमच्या गटातले दोघे थेट सादरीकरणाच्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून उगवले. ज्या विषयात जबाबदारीचे वाटप शिकवायचे, त्याच विषयाच्या मूल्यमापनात जबाबदारी कोणाची हे विचारले जात नाही. मी ही गोष्ट लेखी कळवली. उत्तर आलेले नाही. पाहुण्यांच्या व्याख्यानांबद्दल न बोललेले बरे. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय आणि आभार यांतून जो वेळ उरे, त्यात पाहुणे आपण शून्यातून विश्व कसे उभे केले ते सांगत.

नोकरीच्या दृष्टीने काय, असे घरातून हमखास विचारले जाते. गुणपत्रिकेवर मायनरचे नाव दिसते, पण केवळ त्यामुळे कोणी नोकरी देईल असे समजू नये. पदव्युत्तर शिक्षणाची वाटही या विषयात आपल्याकडे अरुंद आहे; संगणकशास्त्राचा मायनर त्या बाबतीत निश्चितच सरस ठरतो. उपयोग होतो तो कामाच्या ठिकाणी, आणि तो सांगण्याइतपत मला एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिरात दिसला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. माती भरणारे, पोती शिवणारे आणि रचणारे अशी माणसे वाटून दिल्यावर मी मुद्दाम स्वयंपाकाकडे निघून गेले. परत आले तेव्हा शिवणाऱ्यांकडे पोती साचली होती आणि रचणाऱ्यांपैकी चौघे कोणी न सांगता सुया घेऊन त्यांच्यात बसले होते. आधीची मी असते तर काठावर उभी राहून दिवसभर सूचना देत राहिले असते आणि घसा बसवून घेतला असता.

ज्यांचा मेजर प्रात्यक्षिकांनी भरलेला आहे, त्यांनी आपल्याच विषयाशी जोडता येईल असा फील्ड प्रोजेक्ट घ्यावा, म्हणजे दुहेरी धावपळ वाचते. ज्यांना निवडणूक लढवायची म्हणून हा विषय घ्यायचा आहे, त्यांची निराशा होण्याचा संभव मोठा आहे. आणि अर्जावर खूण करण्यापूर्वी विभागात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : तास नेमके कोण घेणार, फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट किती आणि गटकार्यात प्रत्येकाच्या कामाची नोंद वेगळी ठेवतात का. तिसऱ्या प्रश्नावर टोलवाटोलवी झाली, तर आपला गट आपणच निवडू देतात का, हेही तिथेच विचारून घ्यावे.