शिरोड्याहून मुंबईला जाऊन आरडी होणं: शिक्षणाचा माझा जमाखर्च

गेल्या दोन महिन्यांत तीन आयांनी मला एकच प्रश्न विचारला. एकीने शिरोड्याच्या बाजारात, एकीने एसटीत, एकीने तर डायलिसिस चालू असलेल्या नवऱ्याच्या खाटेशेजारी. "पोरीला डाएटिशियन व्हायचंय. घालू का? पैसे वसूल होतात का?" उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं. म्हणून आता सगळं एकदा नीट लिहिते.

मी सिंधुदुर्गातल्या शिरोड्याची, वय २८. बारावी सायन्सपर्यंत इथेच शिकले. मग मुंबईत फूड सायन्स अँड न्यूट्रिशनमध्ये तीन वर्षांची बीएस्सी, दोन वर्षांची एमएस्सी, एका मोठ्या रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि त्यानंतर आरडीची परीक्षा. गेली तीन वर्षं कुडाळकडच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. निघाले तेव्हा आजी म्हणाली होती, "जेवण रांधूक मी तुका शिकवतंय, त्येका कॉलेज कित्याक व्हया?" कोकणकन्या कुडाळहून सुटली तेव्हा माझ्याकडे आजीला द्यायला उत्तर नव्हतं.

आधी आरडी म्हणजे काय ते सांगते, कारण इथे बहुतेकांना ती पदवी वाटते. आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. ही नोंदणी इंडियन डायटेटिक असोसिएशन करते. ही संस्था १९६३ सालची. विषयातलं पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातली इंटर्नशिप झाल्यावर परीक्षेला बसता येतं, उत्तीर्ण झालात तर नावापुढे आरडी लागतं. आपल्याकडे कुणीही आठ दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून 'डाएट कन्सल्टंट'ची पाटी लावतो. २०२१ मध्ये केंद्राने अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश आहे. त्यामुळे नियम बदलत आहेत आणि प्रवेश घेण्याआधी असोसिएशनच्या ताज्या अटी स्वतः वाचा. माझ्या वर्षीच्या अटींवर विसंबू नका.

आता शिकण्याबद्दल. पहिल्या वर्षाचं बायोकेमिस्ट्री जड गेलं, पण तेच आज सर्वांत जास्त कामी येतं. एक तास अजून डोळ्यांसमोर आहे. विषय थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. बाई सांगत होत्या की हैदराबादची आजची राष्ट्रीय पोषण संस्था मुळात १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूरला बेरीबेरी या आजाराच्या चौकशीसाठी सुरू झाली. गिरणीत सडून (पॉलिश करून) पांढराशुभ्र केलेला तांदूळ खाणाऱ्यांना बेरीबेरी होई, कारण थायमिन कोंड्यात असतं आणि कोंडा गिरणीत जातो. पण भात सालासकट भिजवून उकडला, तर कोंड्यातलं थायमिन दाण्यात उतरतं आणि सडल्यावरही बरंचसं टिकतं. हे ऐकताना मला आमचं खळं दिसत होतं. मोठ्या हंड्यात भात उकडणारी आजी, त्याचा ओलसर, थोडा आंबूस वास, खळ्यात पसरलेला भात आणि कोंबड्या हाकायला काठी घेऊन बसलेली मी. उकडा तांदूळ म्हणजे गरिबाचा तांदूळ, असं मी कॉलेजातल्या मैत्रिणींसमोर कधी उघड बोलले नव्हते तरी मनात धरून होते. त्या तासानंतर वसतिगृहात मी अभिमानाने डबा उघडायला लागले. या एका तासासाठी फी भरली असती तरी चाललं असतं.

पण याच शिक्षणाची सर्वांत मोठी उणीवही इथेच आहे. शास्त्र उत्तम शिकवतात, पण ते मांडतात चपाती आणि कटोरीच्या भाषेत. मेनू प्लॅनिंगच्या प्रात्यक्षिकात पोहे, उपमा, चपाती, डाळ, पनीर, आणि श्रीमंत रुग्ण असेल तर ओट्स. पेज नाही, घावणे नाहीत, आंबोळी नाही, तिसऱ्या (शिंपल्या) नाहीत. एमएस्सीच्या एका परीक्षेत मी मधुमेही बाईचा दिवसाचा आहार लिहिला: सकाळी घावणे आणि उसळ, दुपारी मोजका उकडा भात, कुळथाची पिठी, बांगड्याचं तिखलं आणि काकडी. परीक्षक बाईंनी विचारलं, "चपाती का नाही?" मी सांगितलं, ही बाई चपाती करतच नाही. गुण कापले गेले. आकडेमोड बरोबर होती, कॅलरी जुळत होत्या, तरीही. ते मला तेव्हाही चुकीचं वाटलं आणि आजही वाटतं.

त्याच रात्रीपासून मी एक वही सुरू केली. ज्या पुस्तकाने मला त्यात साथ दिली, त्याचं नाव घेतलंच पाहिजे: राष्ट्रीय पोषण संस्थेचे 'इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स', २०१७. त्यात ५२८ पदार्थांचं पृथक्करण आहे, समुद्री माशांचा भरघोस विभाग आहे. नाचणी उघडली की १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम दिसतं, कुळीथ उघडलं की २१-२२ ग्रॅम प्रथिनं. पण तक्त्यातला आकडा कच्च्या धान्याचा असतो, वाटीतला आपल्याला काढावा लागतो. सुट्टीत घरी आले की वजनकाटा घेऊन चुलीपाशी बसायचे. आमच्या तव्यावरचा एक घावणा म्हणजे २५ ग्रॅम तांदळाचं पीठ. ५० ग्रॅम उकड्या तांदळाची पेज घरच्या मोठ्या वाटीने साडेतीन वाट्या. १२० ग्रॅमचा बांगडा, डोकं आणि काटा गेल्यावर खाण्याजोगा ७० ग्रॅम. आजी सुरुवातीला वैतागली, नंतर स्वतःच हाक मारून सांगायला लागली, "गो, आज शेगलाची (शेवग्याची) भाजी असा, वजन घेतंस?"

या वहीने माझा स्वतःचा एक गैरसमजही मोडला. गावचं ते सगळं पौष्टिक, असं हल्ली फार बोललं जातं. कुळीथ प्रथिनांनी भरलेलं आहे हे खरंच आहे. पण वाटीभर पिठीला पीठ लागतं १५ ग्रॅम, म्हणजे हाती आली तीनेक ग्रॅम प्रथिनं. ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम लागतात. पिठीभातावर राहणाऱ्या बाईला सोबत मासळी, अंडं किंवा घट्ट उसळ हवीच. (पिठी आणि उकडा भात हा पावसाळ्यातला माझा सर्वांत आवडता घास आहे, आणि तो मी सोडलेला नाही.) तसंच मिठाचं. आमच्या मिठागरांतलं खडा मीठ 'नैसर्गिक', म्हणून रक्तदाबाला चालतं असं अनेक जण समजतात. सोडियम त्यातही तेच आहे, आणि आयोडीन मात्र मिसळलेलं नाही. हे ठामपणे, पण समोरच्याला न दुखावता सांगता येणं, हे मला शिक्षणाने दिलं.

इंटर्नशिपला मी दहापैकी सहा गुण देईन. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. विद्यावेतन नव्हतंच, उलट आम्हीच दहा हजार रुपये भरले. पहिले दोन महिने ट्रे तपासण्यात गेले. सॉफ्ट डाएटचा ट्रे फुल डाएटच्या खाटेवर गेला नाही ना, डायबेटिकच्या चहात साखर पडली नाही ना. पहाटे साडेसहाला किचनमध्ये हजर व्हायचं, हातात डाएट शीट, आणि रुग्णाशी बोलायची मुभा नाही. रडले मी एकदा लिनन रूममध्ये. तिसऱ्या महिन्यात आयसीयूत पाठवलं आणि चित्र बदललं. आरटी फीड, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे द्यायचं अन्न, किती दाट ठेवायचं, किती मिलिलिटरने सुरुवात करायची, जुलाब लागले तर आधी फीडकडे बघायचं की औषधांकडे, हे पुस्तकात कितीही वाचलं तरी खाटेपाशीच समजतं. तिथल्या वरिष्ठ आहारतज्ज्ञ बाईंनी शिकवलेलं एक वाक्य मी रोज वापरते: काय खाता असं विचारू नका, काल सकाळी उठल्यापासून काय काय पोटात गेलं ते विचारा.

त्या वाक्याची खरी किंमत कुडाळला आल्यावर कळली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येणारे एक आजोबा होते. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर पाण्याची मर्यादा घालून दिलेली, आणि तरी दोन डायलिसिसच्या मध्ये वजन चार किलोंनी वाढलेलं. चार किलो म्हणजे अंगात साठलेलं पाणी. दम लागायचा, पाय सुजायचे. सगळे त्यांच्यावर रागावत, आणि ते शपथेवर सांगत की पाणी मोजूनच पितात. मी त्यांच्या पत्नीला, त्या आजींना, बाजूला घेऊन कालचा दिवस विचारला. त्या म्हणाल्या, "पाणी खंय पितत ते? सकाळी दोन वाडगे पेज, दुपारी भात नि सोलकढी, राती परत दोन वाडगे पेज."

पेज. आमच्याकडे पेज खातात, पीत नाहीत. म्हणून ती पाण्यात धरायची हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यांच्या नाही आणि आधीच्या सल्ला देणाऱ्यांच्याही नाही. चार वाडगे म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास पाणी, तांब्यात न दिसणारं. त्यात पेजेबरोबर तोंडीलावणं भाजलेला खारा बांगडा, म्हणजे तहान आणखी वाढणार. शिवाय आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि मूत्रपिंड निकामी झालेल्याच्या रक्तात ते वाढलं तर हृदयाची गती बिघडू शकते. उलट ताजी मासळी त्यांनी बंद केली होती, कारण कुणीतरी सांगितलं होतं की किडनीला मासे वाईट. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं आवरती घ्यावी लागतात, पण डायलिसिसवर गेलेल्या माणसाला ती जास्त लागतात, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. आजोबा नेमकं उलटं करत होते.

त्यांना मी काहीही विकत आणायला सांगितलं नाही. पेज निथळून मऊ भात, सकाळी घावणे, खाऱ्याच्या जागी ताजा बांगडा किंवा पेडवे, शहाळी आणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायची. सोलकढी रोजची बंद, सणाला अर्धी वाटी, आणि तीही पाण्याच्या हिशेबात धरून. दीड महिन्यात मधली वाढ दोन किलोंवर आली. आजोबा म्हणाले, "बाय, सगळ्यांनी माका नको काय ता सांगल्यानी. तू पयली जिना खावचा काय ता सांगलं." हे ऐकलं त्या दिवशी मी घरी जाऊन वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली.

आता पैसे. पाच वर्षांची फी, वसतिगृह आणि खाणं मिळून आमचे सव्वापाच लाख गेले. इंटर्नशिपचे सहा महिने वेगळे. आरडी झाल्यावरची पहिली नोकरी मुंबईतल्या एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये, पगार १४,०००. तिथे आहार सांगण्यापेक्षा प्रोटीन पावडरचे डबे खपवायचं काम जास्त. महिन्याला किती डबे गेले त्याचा तक्ता भिंतीवर. आठ महिन्यांनी सोडली. आज मला २६,००० मिळतात. नर्सिंग केलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला नोकरी माझ्याआधी लागली आणि जास्त पगाराची लागली, हे मुलीला आणि तिच्या वडिलांना आधीच सांगायला हवं.

घरबसल्या पत्राने शिकता येईल का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, कारण मुंबईचा खर्च झेपत नाही. पूर्वी तशा सोयी होत्या. २०२५ मध्ये यूजीसीने आरोग्यसेवेच्या विषयांना, त्यात पोषण आणि आहारशास्त्रही आलं, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देणं बंद केलं. तेव्हा तसा प्रवेश कुणी देऊ करत असेल तर पैसे भरू नका. मुंबईत गृहविज्ञानाची दोन जुनी नावं म्हणजे जुहूचं एसएनडीटीचं सर विठ्ठलदास ठाकरसी कॉलेज आणि निर्मला निकेतन. एसएनडीटी काढणारे महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. कोकणातल्या मुलीने तिथे बिचकून पाऊल टाकायचं काहीच कारण नाही.

कुणी जावं? जिला रसायनशास्त्र आवडतं, जिला आजारी माणसाशी अर्धा तास शांतपणे बोलता येतं आणि जिची सहा वर्षं घरची ओढ सोसायची तयारी आहे, तिने जरूर. फक्त स्वतःचं वजन कमी करायचंय किंवा मोबाइलवर व्हिडिओ करायचेत, तिने एवढे पैसे घालू नयेत. आणि बीएस्सीवर थांबायचं ठरवलं असेल तर रुग्णालयात काम मिळणं कठीण जातं, मी तशा दोन मैत्रिणी पाहिल्या आहेत. अर्ज भरायच्या आधी ओळखीने कुठल्याही रुग्णालयाच्या किचनमध्ये एक सकाळ उभं राहून या, ट्रे भरताना बघा.

खाटेशेजारी विचारणाऱ्या त्या आईची मुलगी मागच्या रविवारी माझ्याकडे आली होती. तिला माझा जुना वजनकाटा दिला आहे. काल तिचा फोन आला: त्यांच्या घरचा घावणा ३२ ग्रॅमचा भरतो, माझ्या वहीतला आकडा चुकलाय का?