पॉवर प्रेसला लाइट कर्टन बसवला, वर्षभराचा अनुभव (घेण्याआधी क्लच बघा)

भोसरीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे, मी धरून ८ माणसं, एक ५० टनी न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचचा प्रेस आणि दोन २० टनी जुने पिन क्लचवाले. लाइट कर्टन म्हणजे प्रेससमोर लावायचा किरणांचा पडदा, हात आडवा आला की मशीनला थांबायचा सिग्नल देतो. त्याबद्दल मराठीत काहीच लिहिलेलं सापडत नाही म्हणून सविस्तर टाकतोय. ब्रँड आणि डीलरचं नाव देत नाही, कारण मुद्दा कुठल्याही ब्रँडला लागू आहे.

आधी हे घ्यायची वेळ का आली ते सांगतो. २०२३ ला आमच्या एका २० टनीवर २५ वर्षांच्या पोराची दोन बोटं गेली. तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक. प्रेसने डबल मारला, म्हणजे पेडल एकदाच दाबलं आणि रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) दुसऱ्यांदा आपोआप खाली आला, तेव्हा तो पीस काढत होता. आधी दोनदा असं झालं होतं आणि त्याने मला सांगितलंही होतं, दादा स्प्रिंग गेलीय वाटतं, आणि मी म्हटलं एवढा लॉट जाऊ दे मग उघडू. चूक माझी, त्याची नाही, हे मी त्याच्या घरच्यांसमोरही बोललोय.

नंतर डीलरचा माणूस आला, म्हणाला तिन्ही प्रेसला कर्टन लावून टाका, हात आत गेला की मशीन बंद. ऐकायला एकदम बरं वाटतं. आणि इथेच लोक फसतात. पिन क्लच एकदा एंगेज झाला की क्रँक पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मधे थांबायची सोयच नसते त्याला, मग कर्टनने कितीही सिग्नल दिला तरी रॅम खाली येणारच. म्हणजे २० टनीवर तो नुसता लाल-हिरवा दिवा, उलट ऑपरेटरला वाटणार सेन्सर आहे, आता भीती नाही, आणि हात जास्त बिनधास्त आत जाणार. आमच्या त्या पोराची बोटं त्याने वाचली नसती. डीलरला हे विचारलं तर म्हणे साहेब सगळे लावतात. या एका वाक्यासाठी डीलरला मी १ स्टार देतो.

२० टनींना शेवटी आमच्याच फॅब्रिकेटरकडून जाळीचा फिक्स गार्ड करून घेतला, समोर फक्त पट्टी आत जाईल एवढी फट, बोट जात नाही, पीस मागून घसरून पडतो. दोन्ही मिळून कर्टनच्या पाव खर्चात झालं. क्लचच्या स्प्रिंगा नवीन टाकल्या आणि आता त्या कॅलेंडरवर बदलतो, तुटायची वाट बघत नाही.

आता ५० टनी. न्यूमॅटिक क्लच मधेच सोडून ब्रेकने रॅम थांबवता येतो, म्हणून इथे कर्टन खरंच काम करतो, प्रॉडक्टला ५ पैकी साडेचार. १४ एमएम रिझोल्यूशनचा सेट घेतला, म्हणजे बोटसुद्धा पकडतो, फिटिंग धरून ४८ हजार पडले. पण पहिल्या दिवशी फिटरने तो डायपासून (खालच्या साच्यापासून) १५० एमएमवर लावला, म्हणे सगळीकडे इथेच लावतो. अहो अंतर मोजून काढायचं असतं. हाताचा वेग सेकंदाला २००० एमएम धरतात आणि त्याला प्रेस पूर्ण थांबायला लागणाऱ्या वेळेने गुणायचं, १४ एमएमच्या कर्टनला त्यात वर काही मिळवायला लागत नाही. आमचा प्रेस मोजला तर कर्टन आणि कंट्रोल धरून थांबायला २१० मिलीसेकंद, म्हणजे ४२० एमएम पाहिजे. १५० वर लावलेला कर्टन म्हणजे हात डायमध्ये पोचल्यावर मशीन थांबणार. ४२० वर लावला तर ऑपरेटरला वाकून काम करावं लागत होतं, मग ब्रेकचं लायनर बदललं, वेळ १६० मिलीसेकंदांवर आला आणि कर्टन ३२० एमएमवर बसला. बाजूने हात जाऊ नये म्हणून दोन्हीकडे जाळी. क्लचचा एअर व्हॉल्व्हही सिंगल होता, तो अडकला तर कर्टन असून नसून सारखाच, म्हणून डबल व्हॉल्व्ह टाकला. हे सगळं डीलरने सांगायला पाहिजे होतं, सांगितलं एका रिटायर्ड मेंटेनन्सवाल्या काकांनी.

अर्धा स्टार कशासाठी कापला तर तेलाच्या वाफेने लेन्स धूसर होते आणि प्रेस उगाच थांबतो, शिफ्टमधे दोनदा पुसावं लागतं. वैतागून पोरं बायपासची (कर्टन बंद ठेवून प्रेस चालवायची) चावी मागतात. चावी माझ्या खिशात असते, कोणाला देत नाही.

पैशाचं पण लिहितो कारण लोक विचारतात परवडतं का. १० च्या आत माणसं म्हणून आम्हाला ईएसआय (सरकारी कामगार विमा) नाही, मग १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा लागला. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड आलेत, माझा अपघात त्याआधीचा.) हिशोब असा, पगार तेव्हा जास्तीत जास्त १५ हजार धरायचे, त्याचे ६० टक्के ९ हजार, कायद्याच्या तक्त्यात २५ वयाचा फॅक्टर २१६.९१, गुणून झाले १९ लाख ५२ हजार १९०, ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. तर्जनीच्या दोन पेरांना ११ टक्के, मधल्याच्या एका पेराला ७, एकूण १८. म्हणजे ३ लाख ५१ हजार ३९४, आणि दवाखान्याचा खर्च वेगळा. माझी डब्ल्यूसी पॉलिसी (ही भरपाई देणारा विमा) नव्हती, सगळे खिशातून गेले आणि जायलाच पाहिजे होते. महिन्याच्या आत नाही दिले तर वर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना लांबवलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

शेजारच्या एकाने मला सल्ला दिला होता, ५० हजार दे आणि स्टँपपेपरवर लिहून घे की काही मागणी नाही. असला कागद कायद्याने रद्दच असतो, १९२३ च्या कायद्याचं कलम १७ वाचा. आणि कामगार मित्रांनो, कोणी सही मागितली तर करू नका, क्लेम करायला अपघातापासून २ वर्षं असतात.

तो पोरगा आता आमच्याकडेच इन्स्पेक्शनला आहे. सकाळी प्रेस चालू व्हायच्या आधी १४ एमएमचा टेस्ट रॉड कर्टनमधे वर, मधे, खाली फिरवून तोच बघतो आणि वहीत सही करतो. हा रॉड बॉक्समधे येतो, आमच्यात नव्हता, तीनदा फोन केल्यावर आला. डिलिव्हरी घेतानाच बघून घ्या.