पैसे भरून घेतलेली शिकायची साइट: सगळं आहे, शोधायची सोय तेवढी नाही

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी आठवी ते दहावीची शिकवणी घेतो. जुना लॅपटॉप, मोबाइलचं हॉटस्पॉट, रोजचा दीड जीबी. साइटवर काय काय आहे ते इथं बाकीच्यांनी आपापल्या अभिप्रायात लिहूनच ठेवलंय, परत उगाळत नाही. मजकूर चांगला आहे. भूमितीचे व्हिडिओ तर मागं बसलेलं पोट्टंही मान वर करून पाहते.

माझं भांडण शोधाच्या चौकटीशी आहे. पोरगी विचारते, "सर, अपवर्तनांक म्हणजे?" मी पत्ता टाकतो. मुखपृष्ठ उघडते, पहिले आलेल्या पोरांचे फोटो सरकत राहतात, जाहिरातीचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, 'आमचं अ‍ॅप घ्या'ची पाटी बंद करावी लागते, आणि मग कुठं कोपऱ्यात भिंग दिसते. त्यात लाइन गेली की टॉवरही आचके देतो. एक शब्द पाहायला एवढा डेटा काहून जाळायचा, राजेहो?

मराठी विकिपीडिया फुकट आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये त्याचा शोध एकदा सुरू करून ठेवला की पत्ता टाइप करायचा, टॅब दाबायचा, शब्द लिहायचा, सरळ लेखावर. मुखपृष्ठ उघडायचं कामच नाही. ही सोय काल-परवाची नाही. ओपनसर्च नावाची ही पद्धत २००५ पासून आहे, अ‍ॅमेझॉनच्या एनाइन कंपनीनं काढलेली. साइटवाल्यांनी एक छोटी फाइल ठेवायची, त्यात शोधाचा पत्ता लिहायचा आणि पानाच्या कोडच्या डोक्यात तिच्याकडे बोट दाखवणारी एक ओळ टाकायची, की ब्राउझरला तो शोध कळतो. एवढंच काम.

हेच या शिकायच्या साइटच्या मदत केंद्राला लिहिलं. उत्तर आलं, 'कॅशे साफ करा.' परत लिहिलं तर म्हणे अ‍ॅप घ्या. तिसऱ्यांदा म्हणाले, अ‍ॅड्रेस बारमधून मराठी शोध जमत नाही. आता बोला! मराठी शब्द पत्त्यात गेला की लांबतो हे खरं. अक्षर, मात्रा, अनुस्वार, प्रत्येकाची नऊ चिन्हं होतात, म्हणजे 'अपवर्तनांक' नव्वदवर जातो. पण ते ब्राउझर पाहतो, माणसाला काही करावं लागत नाही. आणि विकिपीडिया काय तेलुगूत शोधतो का?

इथवर मी दोन तारे देणार होतो. मग दिसलं की या साइटवर शोधल्यावर तो शब्द पत्त्यात उमटतो. म्हणजे मार्ग आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सर्चला जाऊन तो पत्ता स्वतःच जोडला, शब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि लहान एस, शॉर्टकट एका अक्षराचा. फायरफॉक्समध्ये बुकमार्कला कीवर्ड देऊनही होते. चाललं! अक्षर, स्पेस, शब्द, की यादी समोर. दिवाळीनंतरचे महिने असे सुखात गेले की मी चार तारे लिहून ठेवले होते. दीड जीबी रात्रीपर्यंत पुरायला लागला, पोरं स्वतः शोधायला लागली.

फेब्रुवारीत, दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर, साइटनं नवं रूप घेतलं. आता शोधलेला शब्द पत्त्यात येतच नाही, सगळं पानाच्या आतल्या आत होते. माझा शॉर्टकट मेला. नव्या रूपात फोटो मात्र जास्त मोठे सरकतात. पुन्हा तक्रार केली, 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं आलं आणि तिकीट बंद.

तीन तारे देतो, तेही भूमितीसाठी. वर्गणीची मुदत जूनच्या मध्यात संपते, आमच्या विदर्भातल्या शाळा उघडतात महिन्याच्या शेवटी, तेव्हा मधले दिवस मोकळेच आहेत. तोवर ती एक ओळ टाकली, किंवा निदान शब्द पत्त्यात परत आणला, तर पुढच्या वर्षाचे पैसे भरतो. नाही तर जे व्हिडिओ पोरांना आवडतात त्यांचे धडे फळ्यावर मीच शिकवीन, त्याला डेटा लागत नाही.